सरकार बदललं की परराष्ट्रमंत्री नेमकं काय बदलतो?

स्नेहल, इचलकरंजी

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात माझी यूपीएससीची मॉक मुलाखत झाली. ऐच्छिक विषय राज्यशास्त्र, त्यामुळे पॅनेलवरच्या एका मॅडमनी विचारलं, "सरकार पडतं, नवं येतं. नवा परराष्ट्रमंत्री पहिल्या दिवशी खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्या हाताशी काय असतं, आणि त्यातलं तो काय बदलू शकतो?" मी पाठ असलेलं सांगितलं: राष्ट्रीय हित कायम असतं, धोरणात सातत्य असतं, भर तेवढा बदलतो. मॅडम म्हणाल्या, "एक उदाहरण दे. साल, माणसं आणि गोष्ट." मला १९७७ सुचलं, वाजपेयींचं संयुक्त राष्ट्रांतलं हिंदी भाषण सुचलं, आणि तिथंच गाडी थांबली. त्याआधी काय होतं, त्यानंतर काय झालं, काहीच सांगता येईना.

रात्री जेवताना घरी हे सांगितलं. पप्पा यंत्रमागावर आहेत. ते म्हणाले, "मालक बदलला तरी माग तोच, बीम तेच, सूत तेच. मग कापड वेगळं कुठनं निघणार?" त्यांनाही मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला मुलाखतीपेक्षा जास्त लागलं.

पुस्तकांत "सातत्य आणि बदल" असे मथळे आहेत, खाली करारांच्या याद्या आहेत. एका सरकारकडून दुसऱ्याकडे एखादं काम कसं गेलं, ही गोष्ट कुठं सापडत नाही. ज्यांनी तो काळ पाहिलाय किंवा नीट वाचलाय, त्यांनी कृपया सांगा. पुढची मुलाखत तीन आठवड्यांनी आहे.

मुनिरकावाला

बावीस वर्षं दिल्लीत आहे, मूळचा दहिवडीचा. माझं उत्तर थोडक्यात: मंत्री बदलतो, खातं बदलत नाही.

जगत मेहता १९७६ मध्ये परराष्ट्र सचिव झाले. तेव्हा आणीबाणी चालू होती, पंतप्रधान इंदिरा गांधी आणि परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. मार्च १९७७ मध्ये सगळं उलटंपालटं झालं. कालपर्यंत स्थानबद्ध असलेले लोक मंत्री झाले. मोरारजी पंतप्रधान, वाजपेयी परराष्ट्रमंत्री. आणि सचिव? जगत मेहताच, ते थेट १९७९ च्या अखेरपर्यंत. त्यांच्यानंतर राम साठे आले. त्यांनी चरणसिंगांचं काळजीवाहू सरकारही पाहिलं आणि परत आलेल्या इंदिराबाईंचंही, ते १९८२ पर्यंत होते. फायली याच माणसांच्या हातून फिरत होत्या. तुमच्या पप्पांचं म्हणणं बरोबर आहे असं मला वाटतं.

कोयनाकाठ

स्नेहल, मी कऱ्हाडचा. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. मुनिरकावाला यांनी सचिवांबद्दल सांगितलं ते खरं आहे, पण त्यानं गोष्ट अर्धीच होते. जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील इथल्या बाजारात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. पाडव्याला वही बदलायची. नवी वही, हळदकुंकू, पहिल्या पानावर श्री. पण श्रीच्या खाली पहिली ओळ कसली? मागील बाकी. अमक्या शेतकऱ्याला दिलेली उचल, तमक्या व्यापाऱ्याकडचं येणं. एका वर्षी अडतीच्या मालकांत वाटणी झाली आणि धाकट्या भावाकडं पेढी आली. तो तरुण म्हणाला, आपण कोऱ्या वहीनं सुरू करू. वडील त्याला म्हणाले, "शेतकऱ्यानं उचल पेढीकडनं घेतली, तुमच्या थोरल्याकडनं नव्हे." मी तेव्हा नववीत होतो. पुढं वर्गात हा विषय आला की मी फळ्यावर दोन रकाने आखायचो: काय मिळालं, काय ठेवून गेले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तसंच देतो, आणि तेही एकाच नोंदीवर. ती नोंद चीनची.

१९६१ च्या उन्हाळ्यात आपले राजदूत जी. पार्थसारथी पेकिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, परत आले आणि पुन्हा राजदूत गेलाच नाही. पुढच्या वर्षी युद्ध. त्यानंतर दोन्हीकडं दुय्यम अधिकारी बसून कारभार चालला, असा पंधरा वर्षं. युद्धानंतर यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ आहे. पण तेच यशवंतराव ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ परराष्ट्रमंत्री होते, हे किती जणांना माहीत आहे? मी दर वर्षी मुलांना प्रीतिसंगमावर समाधीपाशी न्यायचो आणि त्यांची पदं विचारायचो. मुख्यमंत्री, संरक्षण, गृह, अर्थ, उपपंतप्रधान. परराष्ट्र हे पद हमखास राहून जायचं. कऱ्हाडच्या मुलांकडून! मला त्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं.

एप्रिल १९७६ मध्ये त्यांनी संसदेत जाहीर केलं की भारत चीनला पुन्हा राजदूत पाठवतो आहे. नाव के. आर. नारायणन, जे पुढं राष्ट्रपती झाले. हा काळ लक्षात घे. आदल्याच वर्षी सिक्कीम भारतात विलीन झालं होतं आणि चीननं ते मानायला साफ नकार दिला होता. अशा वेळी पहिलं पाऊल आपण टाकलं. माझ्या गावचा माणूस म्हणून मी वजन वाढवून सांगणार नाही. निर्णय इंदिराबाईंचा होता, आणि त्या काळात मोठं काहीही त्यांच्याशिवाय होत नव्हतं. शिवाय ती आणीबाणी होती. यशवंतराव तिच्याविरुद्ध उभे राहिले नाहीत, आणि ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. पण ज्या मंत्र्यानं संरक्षण खातं युद्धाच्या राखेतून उभं केलं, त्यानंच चीनला राजदूत पाठवत असल्याचं सभागृहाला सांगावं, याला वजन होतं. हा माणूस चीनला भ्यालाय, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

त्याच वर्षी पाकिस्तानशीही १९७१ च्या डिसेंबरात तुटलेले संबंध जुळले. राजदूत, विमानं, आणि जुलैत समझोता एक्सप्रेस.

मग मार्च १९७७. मी एफ.वाय.ला होतो. देशभर, विशेषतः उत्तरेत, काँग्रेस वाहून गेली, पण साताऱ्यातून यशवंतराव निवडून आले. जिथं ते मंत्री म्हणून बसायचे, त्याच सभागृहात आता विरोधी पक्षनेते म्हणून बसले, आणि समोर वाजपेयी. आता नव्या वहीचं पहिलं पान बघ. वाजपेयींच्या पक्षानं, म्हणजे जनसंघानं, पाकिस्तानशी झालेल्या १९७२ च्या सिमला कराराला कडाडून विरोध केला होता. जनता पक्षातल्या कित्येकांना १९७१ चा रशियाशी झालेला मैत्री करार डाचत होता. सिक्कीमचं विलीनीकरण चुकलं, असं खुद्द मोरारजींनी पुढं पंतप्रधान असताना बोलून दाखवलं. म्हणजे मागच्या बाकीतली निम्मी खाती नव्या मालकांना नापसंत होती.

मग केलं काय? एप्रिल १९७७ मध्ये, सरकारला महिना होतो न होतो तोच, रशियाचे परराष्ट्रमंत्री ग्रोमिको दिल्लीत येऊन धडकले. करार राहिला. सिक्कीमबद्दल मोरारजींनीच सांगितलं की आता ते मागं फिरवता येणार नाही. सिमला करार राहिला, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याच्याच आधारावर वाजपेयी इस्लामाबादला गेले. एप्रिलमध्ये चिनाबवरच्या सलाल धरणाचा करार झाला. गंगेवरच्या फराक्का धरणाच्या पाण्याचा वाद बांगलादेशानं १९७६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेलं होतं. त्यावर नोव्हेंबर १९७७ मध्ये पाच वर्षांचा करार झाला.

आणि चीन. नारायणन यांच्यापासून तिथं आपला राजदूत होताच, म्हणून दार किलकिलं होतं. फेब्रुवारी १९७९ मध्ये वाजपेयी पेकिंगला गेले. १९६२ नंतर इतक्या वरच्या पातळीवरचा कुणी भारतीय तिथं गेला नव्हता. ते डेंग शियाओपिंगना भेटले. आणि वाजपेयी अजून चीनमध्येच असताना, १७ फेब्रुवारीला चीननं व्हिएतनामवर हल्ला केला. व्हिएतनाम आपला मित्र. वाजपेयी दौरा आटोपता घेऊन परतले. संसदेत, वर्तमानपत्रांत, सगळीकडून टीका झाली. मला ते दिवस आठवतात. आमच्या वसतिगृहात सकाळच्या पेपरासाठी रांग असायची आणि प्रत्येक जण म्हणत होता की हा अपमान झाला, आता हे खातं बंद.

खातं बंद झालं नाही. त्या दौऱ्यात कैलास-मानसरोवराची यात्रा पुन्हा सुरू करण्याचा विषय निघाला होता. जुलैमध्ये मोरारजी गेले, चरणसिंग आले. जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई परतल्या, परराष्ट्रमंत्री झाले नरसिंह राव. नव्या सरकारनं वाजपेयींची ही नोंद खोडली नाही. जून १९८१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ दिल्लीला आले, त्याच वर्षी आपले यात्रेकरू मानसरोवराला पोचले आणि डिसेंबरात सीमेवरची बोलणी सुरू झाली.

आता तुझ्या मॅडमना तीन नावं सांग: चव्हाण १९७६, वाजपेयी १९७९, राव १९८१. तीन सरकारं, पहिलं आणि तिसरं इंदिराबाईंचं, मधलं त्यांच्या वैऱ्यांचं. एकानं राजदूत पाठवला, दुसरा स्वतः गेला आणि तोंडघशी पडून आला, तिसऱ्याच्या हाताला फळ लागलं. वाजपेयी गेलेच नसते तर १९८१ ला काय मांडणार होते? आणि नारायणन आधी तिथं गेलेच नसते तर वाजपेयी कुणाच्या भरवशावर गेले असते?

एक गोष्ट राहिली. साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या इमारतीत, नेहरूंची एक तसबीर होती. सरकार बदलल्यावर ती भिंतीवरून गायब झाली. वाजपेयींनी विचारलं, इथली तसबीर कुठं गेली? कुणी उत्तर दिलं नाही, पण ती पुन्हा जागेवर आली. हे वाजपेयींनीच नंतर संसदेत सांगितलं. तसबीर काढणाऱ्यांना वाटलं असणार की नव्या मालकाला हेच हवं आहे. मंत्र्याचं पहिलं काम मला त्यात दिसतं: खालच्या माणसांना कळायला हवं की मागची पानं फाडायची नाहीत.

स्नेहल, इचलकरंजी

सर, मनापासून आभार. मी वहीत दोन रकाने आखून चीनची नोंद उतरवून घेतली. पप्पांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे ताणा जुना, बाणा नवा," आणि उठून पाणी प्यायला गेले.

पण एक शंका आहे. मागची बाकी इतकी बांधून ठेवत असेल, तर मुनिरकावाला काका म्हणतात तेच खरं नाही का? माणूस कोण आहे यानं फरक पडतो, असं दाखवणारं काही आहे का? आणि जिथं ही साखळी तुटली असं?

मुनिरकावाला

कोयनाकाठ सर, तुमचं वाचून मी माझं म्हणणं थोडं मागं घेतो. स्नेहल, साखळी तुटल्याचं उदाहरण मी देतो, कारण ते मला फार जवळचं आहे.

डिसेंबर १९७९ च्या शेवटच्या आठवड्यात रशियाची फौज अफगाणिस्तानात शिरली. दिल्लीत सरकार होतं, पण कसलं? चरणसिंगांनी ऑगस्टमध्येच राजीनामा दिला होता, लोकसभेला एकदाही सामोरं न जाता. काळजीवाहू मंत्रिमंडळ, परराष्ट्रमंत्री श्यामनंदन मिश्र, आणि निवडणूक आठवड्यावर आलेली. तरीही चरणसिंगांनी रशियाच्या राजदूताला बोलावून सांगितलं की हे योग्य नाही, याचे परिणाम वाईट होतील.

३ आणि ६ जानेवारीला मतदान झालं. इंदिराबाई प्रचंड बहुमतानं आल्या, पण शपथविधी १४ तारखेला. मधले आठ दिवस कुणाचे? ११ जानेवारीला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताचे प्रतिनिधी ब्रजेश मिश्र उभे राहिले आणि त्यांनी वाचलं ते इंदिराबाईंच्या सांगण्यावरून आलेलं निवेदन. आशय असा, की काबूलच्या सरकारनं बोलावलं म्हणून फौज गेली, सांगितलं की परत येईल असं आश्वासन रशियानं दिलंय, आणि मित्रदेशाच्या शब्दावर शंका घेण्याचं कारण नाही. पंतप्रधान अजून चरणसिंग होते. परराष्ट्रमंत्री अजून श्यामनंदन मिश्र होते. दोन आठवड्यांत एकाच देशानं दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. १४ जानेवारीला आमसभेत, परकी फौज मागं घ्या या ठरावावर, मतदान झालं: बाजूनं १०४, विरुद्ध १८, तटस्थ १८. आपण तटस्थ.

माझ्या घराजवळ लाजपतनगरात काबूलहून आलेली कुटुंबं राहतात. ज्याच्याकडून मी रोज नान घेतो तो माणूस माझ्याच वयाचा आहे. त्याला मी हे कधी सांगितलेलं नाही. काय सांगणार? त्या आठ दिवसांत आपल्याकडं परराष्ट्रमंत्री होता आणि नव्हताही.

कोयनाकाठ

हे वाचून थोडा वेळ तसाच बसलो. त्या काळजीवाहू सरकारात उपपंतप्रधान कोण होते? यशवंतराव. अडीच वर्षं परराष्ट्र खातं सांभाळलेला, रशियाशी, चीनशी, पाकिस्तानशी स्वतः बोललेला माणूस त्या मंत्रिमंडळात होता, आणि न्यूयॉर्कला शब्द दुसरीकडूनच गेले. मी वर्गात हे शिकवताना घाईनं पुढं जायचो. तसं करायला नको होतं.

रत्नागिरीची फरीदा

सहसा फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. सरांच्या वहीत एक पान आमचंही आहे.

अब्बा कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. मी आणि अम्मी तिथंच, मी आठ वर्षांची. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी रणगाडे आले. पहिले काही दिवस आम्ही बाथटब, बादल्या, डेगच्या, जे मिळेल त्यात पाणी भरून ठेवलं. अब्बांचा पगार, बँकेतले पैसे, सगळं एका दिवसात कागद झालं. दिल्लीत तेव्हा व्ही. पी. सिंगांचं सरकार, परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल. ते ऑगस्टमध्येच बगदादला गेले आणि सद्दाम हुसेननं त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर छापला गेला. आक्रमण करणाऱ्याला मिठी मारली म्हणून आजही लोक त्यांना बोल लावतात. लावोत. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना तेव्हा एवढंच कळलं की आपल्या देशाचा मंत्री इथपर्यंत आला, आता बसला वाट मिळेल.

वाट मिळाली. बसनं बसरा, बगदाद, मग वाळवंटातून जॉर्डनची सीमा. तंबूत सहा रात्री काढल्या. पावासाठी रांग, पाण्यासाठी रांग. अम्मानहून एअर इंडियाचं विमान. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ती विमानं रोज येत-जात होती, एक लाख सत्तर हजारांच्या आसपास माणसं आणली. मुंबईला उतरलो तेव्हा अम्मीच्या हातात एक पिशवी होती आणि माझ्या पायात चपला नव्हत्या.

पुढचं मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. नोव्हेंबरात ते सरकार पडलं. चंद्रशेखर आले. जानेवारीत, म्हणजे आम्ही परतून तीन महिने झाले होते, अमेरिकेची लष्करी विमानं मुंबईच्या विमानतळावर इंधन भरू लागली, इराकवरच्या लढाईसाठी. फेब्रुवारीत गदारोळ होऊन ते थांबलं. अब्बा पेपर घेऊन ओटीवर बसायचे आणि म्हणायचे, सहा महिन्यांपूर्वी बगदादनं वाट दिली आणि आता हे. त्यांना कोण बरोबर ते ठरवता येत नव्हतं. मलाही आज येत नाही.

मग संयुक्त राष्ट्रांनी इराकच्या तेलाच्या पैशातून नुकसानभरपाई द्यायचं ठरवलं. अब्बांनी फॉर्म भरला. दिल्लीत परराष्ट्र खात्यात कुवेतहून आलेल्यांसाठी वेगळा कक्ष होता, सगळे अर्ज तिकडूनच जायचे. अब्बांनी त्याची पोच एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. तो डबा आणि बाहेरची सरकारं, दोन्ही मला आठवतात. नरसिंह रावांचं सरकार आलं, परराष्ट्रमंत्री माधवसिंह सोलंकी, ते गेले, मग दिनेश सिंग, मग प्रणव मुखर्जी. वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं, सिकंदर बख्त मंत्री झाले आणि गेले. देवेगौडा आले, परराष्ट्र पुन्हा गुजराल. या सगळ्यात आमच्या अर्जाचा नंबर एकदाही बदलला नाही. नवा फॉर्म भरा, असं कुणी म्हटलं नाही.

पहिला धनादेश आला १९९७ मध्ये, पावसाळ्यात. तेव्हा गुजराल पंतप्रधान होते. अब्बा म्हणाले, "ज्यानं आणलं त्याच्याच राज्यात मिळालं." त्यातून घराचं छप्पर झालं आणि माझं डी.एड. झालं. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सर म्हणतात ती मागची बाकी माझ्यासाठी त्या बिस्किटाच्या डब्यात होती.

कोयनाकाठ

फरीदाताई, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल ऋणी आहे. मी एकतीस वर्षं शिकवताना कुवेतच्या परतीचं एका वाक्यात सांगून मोकळा झालो होतो.

स्नेहल, माणसानं फरक पडतो का, हे तू विचारलं होतंस. एक अलीकडची नोंद देतो, तू ती स्वतः पाहिलेली आहेस, फक्त तेव्हा लहान असशील.

भारत-बांगलादेश सीमेवर एकमेकांच्या पोटात अडकलेली गावं होती. आपली १११ बांगलादेशात, त्यांची ५१ आपल्यात. ५१ हजारांवर माणसं, ज्यांना ना इकडचं रेशनकार्ड ना तिकडचं. १९७४ मध्ये इंदिराबाई आणि मुजीब यांनी अदलाबदलीचा करार केला. आपल्याकडं घटनादुरुस्ती लागणार होती, ती झाली नाही. २०११ मध्ये मनमोहनसिंगांनी ढाक्याला पुढचा मसुदा केला. डिसेंबर २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी राज्यसभेत विधेयक मांडलं तेव्हा असा गोंधळ झाला की हातातले कागद हिसकावण्यापर्यंत वेळ आली. भाजपचा विरोध होता, आसामच्या पक्षांचा होता, ममतांचाही होता.

सहा महिन्यांनी भाजपचंच सरकार आलं आणि ती फाइल सुषमा स्वराज यांच्या टेबलावर आली. त्यांनी स्वतंत्र पहिला दौरा केला तो ढाक्याचा, जून २०१४. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडं होतं, अध्यक्ष काँग्रेसचे शशी थरूर. समितीनं डिसेंबरात अनुकूल अहवाल दिला. आता स्वतःच्याच पक्षाची समजूत काढायची होती, आसामातल्या लोकांची काढायची होती. मे २०१५ मध्ये सुषमाताईंनी ते विधेयक आधी राज्यसभेत आणि मग लोकसभेत मंजूर करून घेतलं. विरोधात एकही मत पडलं नाही. शंभरावी घटनादुरुस्ती. ३१ जुलैच्या मध्यरात्री त्या गावांचे देश बदलले.

आता तुझ्या पप्पांना सांग. ताणा १९७४ चा, सूत काँग्रेसचं. पण ज्या पक्षानं हे होऊ दिलं नव्हतं, त्याच पक्षाला ते करायला लावणं हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. खुर्शीद कितीही हुशार असले तरी भाजपची मतं त्यांच्या खिशात नव्हती. वाजपेयी इस्लामाबादला गेले तेव्हाही हेच होतं. जनसंघाचा माणूस जाऊन हात मिळवतोय म्हटल्यावर घरात ओरडणारं कोण उरलं? तेच काम यशवंतरावांनी केलं असतं तर वाजपेयींनीच लोकसभा डोक्यावर घेतली असती. सरकार बदलल्यानं मंत्र्याच्या हाती नवं काय येतं, तर आपल्या लोकांची मतं. ती तो कशासाठी खर्च करतो, तिथं मला माणूस दिसतो.

याला एक काळी बाजू आहे, तीही मुलाखतीत लपवू नकोस. २०१३ मध्ये अडवलेलं काम २०१५ मध्ये पाडलंच पार, पण मधली दीड वर्षं त्या गावांतली बाळंतपणं, शाळेचे दाखले, आजारपणं थांबली नव्हती. विरोधात असताना अडवायचं आणि सत्तेत आल्यावर करायचं, हे सगळ्या पक्षांनी केलंय. अणुकराराचंही तेच. अमेरिकेशी लांबलचक बोलणी भाजपच्या जसवंतसिंगांनी सुरू केली, आणि २००८ मध्ये प्रणव मुखर्जी त्याच वाटेनं करारापर्यंत पोचले तेव्हा जसवंतसिंगांचा पक्ष विरोधात मत देऊन मोकळा झाला. मला हे आवडत नाही. मी वर्गातही सांगायचो की मला हे आवडत नाही.

स्नेहल, इचलकरंजी

सर, मी चार नोंदी लिहून काढल्या: चीनची तीन सरकारांची, अफगाणिस्तानच्या आठ दिवसांची, फरीदाताईंच्या अर्जाची, सीमेवरच्या गावांची. फरीदाताई, तुमची गोष्ट मी मुलाखतीत सांगितली तर चालेल का? नाव घेणार नाही.

आणि सर, पप्पांनी विचारायला सांगितलंय की त्या धाकट्या मालकानं शेवटी वही कोणती लिहिली.

रत्नागिरीची फरीदा

खुशाल सांग गं. फक्त बिस्किटाचा डबा विसरू नकोस.

कोयनाकाठ

मागील बाकी उतरवून घेतली त्यानं, माझ्या वडिलांच्याच अक्षरात. दोन व्यापाऱ्यांचं येणं बुडीत होतं, तेही लिहिलं. ती वही अजून माझ्याकडं आहे. कऱ्हाडला आलीस की पप्पांना घेऊन ये, दाखवतो, आणि मग आपण संगमावर जाऊ.